पाच खाचांचा खटका

भिशीचा नंबर लागला, हातात आले बावीस हजार.
चार शिलाई मशीनच्या हप्त्याला,
एक भावाला, त्यानं न मागता.
उरले सतरा.

सतरात मला अशी गिटार हवी होती
जी रविवारी शरणपूरच्या चर्चमध्ये मान खाली घालून वाजेल,
शनिवारी गंगापूर रोडच्या हॉटेलात
वाइनचे घोट मोजून घेणाऱ्यांच्या गप्पांखाली राहील,
आणि लग्नसराईत ओझरच्या लॉनवर
हळदीला
ढोलकीच्या वर चढून ओरडेल.

"म्हणजे एक सून आणि तीन सासरं,"
दुसाने म्हणाले.
रविवार कारंजाच्या आतल्या गल्लीत त्यांचं दुकान.
खाली पेट्या, वर लोंबणाऱ्या वाद्या,
गिटारी मागच्या भिंतीला, जराशा परक्यासारख्या.

एक होती लाल. इतकी चकचकीत
की तिच्यात माझ्या केसांतला चाप दिसला.
मी पर्समधून व्हर्निअर काढला.
अंबडला क्वालिटीत आहे मी,
दिवसाला चारशे बुशिंगं मोजते;
लोक माणसं चपलांवरून ओळखतात, मी फटींवरून.
बाराव्या पट्टीवर तार किती उंच?
तीन मिलिमीटर.
"रिजेक्ट," मी म्हटलं. दुकानातला पोऱ्या हसला,
मग माझा चेहरा बघून थांबला.

काळी, दोन जाड पिकअपची:
जोरात बोलली तर ऐटीत,
हळू बोलली की नाक चोंदल्यासारखी.
निळी, तीन बारीक पिकअपची:
गोड. पण ट्यूबलाइट लावली की मागे गुणगुण.
आमच्या चर्चमध्ये नऊ ट्यूबलाइट आहेत.
उपदेश लांबला की मी त्या मोजते.

चौथी त्यांनी दाखवली नाही, मलाच दिसली,
कपाटाच्या फटीत, जुन्या ताकाच्या रंगाची.
पुलाकडे एक जाड, पुढे दोन बारीक,
आणि पाच खाचांचा खटका.
देवळालीचा कुणी पोरगा बोटीवर नोकरीला लागला, विकून गेला.
पाठीवर त्याच्या बक्कलचे ओरखडे;
पट्ट्या झिजलेल्या फक्त तीन ठिकाणी:
त्याला तीनच कॉर्ड येत असावेत,
किंवा तेवढेच पुरत असावेत.

"आधी वायर न लावता वाजव," दुसाने म्हणाले.
"लाकूड खोटं बोललं
तर मशीन तेच मोठ्यानं सांगतं, दुसरं काय!"

वाजवली. मोजली. एक पॉइंट सहा.
मान सरळ. चौथ्या खाचेत खटका खरखरला.
"फवारा मारला की जाईल."
"मग आता मारा."
फवारा संपला होता.

ते साडेचौदा म्हणाले, मी तेरा.
त्यांनी चहा सांगितला, तिथेच कळलं साडेतेरा.
पट्टा फुकट. तारांचा एक जोड फुकट,
तोही मी दरवाजातून परत फिरले म्हणून.
उरले साडेतीन.
साडेतीनात धड अँप येत नाही.
वायर येते.
वायर घेतली.

रात्री सिडकोत, भिंतीपलीकडे खैरनारांचं बाळ झोपल्यावर,
मी कॉटवर बसले.
वायरचं एक टोक गिटारीत,
दुसरं चादरीवर, कशातच नाही.
गिटारीचं वरचं शिंग जबड्याला टेकवलं
आणि दातांतून आवाज आला,
आख्खा, खालच्या तारेसकट.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिली खाच. दुसरी. पाचवी.
आवाज तोच. तोच असणार,
वीज नसली की पाचही खाचा सारख्या.
तरी प्रत्येकीला मी वेगळी वाजवली:
चर्चची अंगठ्याच्या मांसानं,
हॉटेलची कडेकडेनं,
हळदीची पार मनगटापासून, तारांना न टेकता,
नुसत्या हवेत.

अँपची भिशी मार्चमध्ये.
चौथी खाच दातांना किंचित खरखरते.